मिलिटरी ग्रीन रंगाची एका उन्हाळ्यात पावडर झाली, त्याबद्दल तक्रार

प्रति,
क्वालिटी विभाग आणि कस्टमर केअर,

विषय: मॅट ऑलिव्ह ग्रीन टू-पॅक पीयू पेंट उन्हात उडाला, पैसे आणि मजुरी परत मिळणेबाबत

नमस्कार,

तुमच्या एरिया मॅनेजरशी फोनवर बोलून बोलून कंटाळलो म्हणून आता लेखी देतोय. तुमचा तो मॅट ऑलिव्ह ग्रीन, डब्यावर 'डिफेन्स शेड' असं मोठ्ठं छापलेला आणि बाजूला ट्रकचं चित्र, तो मी म्हापशातल्या तुमच्या डीलरकडून घेतला. बिल आणि बॅच नंबरचे फोटो जोडलेत. गेल्या दिवाळीनंतर माझ्या शक्तिमानला मारला आणि यंदा चवथीला पाहुणे आले तर त्यातला एक विचारतो, हा ट्रक सिमेंटच्या गोदामात उभा होता काय म्हणून.

शक्तिमान म्हणजे तुमच्यातल्या तरुण मंडळींना माहीत नसेल तर सांगतो, जर्मनीच्या मान कंपनीच्या लायसन्सवर जबलपूरला बनायचा तो आर्मीचा ट्रक. माझा लिलावातून भंगारवाल्याकडे आणि भंगारवाल्याकडून माझ्याकडे आला, तेव्हा दरवाजे खालून कुजलेले, केबिनच्या फ्लोअरमधून जमीन दिसायची. पत्रा कापून नवीन वेल्ड केला, काही पार्ट्स कोल्हापूरला उद्यमनगरात बनवून घेतले, मग सगळं ब्लास्टिंग करून इपॉक्सी प्रायमर आणि वर तुमचा रंग. शेड पण अंदाजपंचे नाही घेतली. जुना रंग खरवडला की एकावर एक थर निघतात, आर्मीत दर इन्स्पेक्शनच्या आधी वर अजून एक हात मारायचे, त्यामुळे बाहेरचा रंग बघून खरी शेड कळतच नाही. डॅशबोर्डच्या मागे, जिथे ऊन कधी पोचलंच नाही, तिथला तुकडा घेऊन मी डीलरकडे गेलो, तो आयएस ५ च्या, म्हणजे भारतीय मानकाच्या रंगयादीतल्या, २२० नंबरच्या ऑलिव्ह ग्रीनशी जुळला आणि तुमच्या डब्यावर पण २२० च लिहिलंय. म्हणजे शेडबद्दल वाद नाही, पहिल्या दिवशी रंग एकदम परफेक्ट होता.

आता काय झालंय ते. बॉनेटवर हात फिरवला की तळव्याला पावडर लागते, काळा टी-शर्ट घालून टेकलो तर पाठीवर फिकट हिरवा पट्टा. आमचा पेंटर डिचोलीचा, जुना माणूस, त्याने बोट फिरवलं आणि म्हणाला, "हें पेंट न्हय बाब, हो पिठो." मग त्याने पाणी मारून बघायला सांगितलं. रंगावर नुसती पावडर आली असेल तर ओला केल्यावर मूळ रंग परत दिसतो आणि सुकला की परत पांढुरका, पण पिगमेंटच, म्हणजे रंग देणारी पूडच, उडालं असेल तर ओला करून पण रंग येत नाही. माझ्या ट्रकला दोन्ही झालंय. दरवाज्यांवर पाणी मारलं की हिरवा परत येतो. बॉनेट आणि केबिनचं छप्पर मात्र ओलं करून पण निळसर करडंच राहतं, पिवळेपणा पार गेलाय.

याचा अर्थ मला लागतो तो असा, चूक असेल तर तुमच्या केमिस्टने सांगावं. ऑलिव्ह ग्रीन म्हणजे मुळात पिवळा आणि काळा. पिवळा जर आयर्न ऑक्साइडचा असेल तर तो उन्हाला भीक घालत नाही, आमच्या गोव्याची अख्खी लाल-पिवळी माती त्याचीच आहे, ती कधी फिकी पडलेली बघितलीय कोणी? म्हणजे तुम्ही कुठला तरी स्वस्त ऑरगॅनिक, म्हणजे कार्बनी रसायनाचा, पिवळा टिंटर (छटा द्यायला मिसळायचा रंग) वापरलाय जो उन्हात आधी उडाला आणि मागे उरला तो काळा. आणि पावडरचं म्हणाल तर मॅट रंगात चमक घालवायला वेगळी पावडर टाकतात, रेझिन, म्हणजे ती धरून ठेवणारा चिकट भाग, कमी असतं, म्हणून तो ग्लॉसी रंगापेक्षा आधी खडूसारखा होतो हे मान्य, पण इतक्या लवकर? हार्डनर, म्हणजे रंग कडक व्हायला त्यात मिसळायचा दुसरा भाग, अ‍ॅलिफॅटिक आहे की अ‍ॅरोमॅटिक (त्याचे दोन रासायनिक प्रकार) हे डब्यावर कुठेच नाही. अ‍ॅरोमॅटिक स्वस्त पडतो पण उन्हात टिकत नाही हे गॅरेजमधल्या पोराला पण माहीत असतं. तुमच्या ब्रोशरमध्ये तर बाहेरच्या वापरासाठी पाच वर्षं लिहिलंय.

एरिया मॅनेजर साहेबांनी आधी खाऱ्या हवेवर ढकललं. अहो, खारी हवा पत्र्याला खाते, रंगाखाली गंज धरतो, फोड येतात, पापुद्रे निघतात. माझ्याकडे एक फोड नाही, कुठे सोललेलं नाही, प्रायमर घट्ट बसलाय. मग म्हणे पेंटरने थर पातळ मारला, मिक्सिंग चुकलं. बरं, मग हे बघा. ट्रकच्या बाजूला जेरीकॅनचं ब्रॅकेट आहे, त्यात रिकामा जेरीकॅन रंग सुकल्यापासून होता. तो काढला तर मागे जेरीकॅनच्या आकाराचा गडद हिरवा चौकोन, पट्ट्याची रेघ सुद्धा स्पष्ट, कडेला अगदी सुरीने कापल्यासारखी हद्द. एकाच डब्यातला रंग, एकच स्प्रे गन, एकच दिवस, एकच पावसाळा, एकच खारी हवा. फरक फक्त उन्हाचा. फोटो क्रमांक ४ मोठा करून बघा आणि मग मला मिक्सिंगबद्दल सांगा.

नंतर साहेब म्हणाले की वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मारायला पाहिजे होता. डब्यावर लिहिलंय का तसं? आणि आर्मीच्या ट्रकला मॅट रंग का देतात, तर उन्हात चकाकून लांबून दिसू नये म्हणून, त्याच्यावर चकचकीत क्लिअर मारून मी काय लग्नाची बस करू? पॉलिश, कंपाउंड पण याला चालत नाही, घासलं की मॅट जाऊन चट्टे पडतात. एकाने डिझेल-ऑइलचा फडका मारायचा सल्ला दिला, तो मी मारला पण, दोन दिवस ट्रक एकदम नवा, तिसऱ्या दिवशी त्याच्यावर लाल धूळ अशी बसली की धुऊन निघेना.

शेवटचं कारण तर कहर होतं. साहेब म्हणतात ऑलिव्ह ग्रीन खासगी गाडीला मारणंच बेकायदेशीर आहे, तुम्ही तक्रार कशी करता. सेंट्रल मोटर व्हेईकल रूल्सचा १२१ नंबरचा नियम मला पण माहीत आहे, डिफेन्स सोडून कोणाच्या गाडीला तो रंग चालत नाही. म्हणूनच माझा ट्रक रस्त्यावर जात नाही, माझ्या कंपाउंडमध्ये उभा आहे, हलवायचा झाला तर ट्रेलरवर चढवतो. पण हाच नियम एवढा आठवतो तर किरकोळ दुकानात ट्रकचं चित्र लावून डबे विकताना का नाही आठवला?

मला काय पाहिजे ते सांगतो. रंग, हार्डनर आणि तुमचाच थिनर यांचे पूर्ण पैसे परत. जुना थर घासून परत मारायची मजुरी, कोटेशन जोडलंय. आणि या बॅचमध्ये कुठला पिवळा आणि कुठला हार्डनर वापरला ते लेखी. बदली डबे पाठवतो म्हणालात ते नकोत, तोच माल परत मारून मी काय करू. त्याच बॅचचा एक न उघडलेला डबा माझ्याकडे आहे, तो तसाच ठेवलाय. पंधरा दिवसांत लेखी उत्तर नाही आलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आणि मग ग्राहक आयोगात जाणार, पाच लाखांपर्यंतच्या मालाला तिथे फी पण लागत नाही आणि आयोग सॅम्पल लॅबला पाठवू शकतो, तेव्हा तो डबा कामाला येईल.

इन्स्पेक्शनला माणूस पाठवणार असाल तर फोन करून, सकाळी नऊच्या आत पाठवा. दुपारी त्या बॉनेटला हात लावता येत नाही.

आपला,
एक ग्राहक
पेडणे तालुका, गोवा

सोबत: बिल, डब्याचे आणि ट्रकचे फोटो, पेंटरचं कोटेशन