कुणाची अपरिहार्यता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिका आणि तिचे लाडके हुकूमशहा यांच्यावरचा कालचा लेख वाचला. मोबुटू, मार्कोस, पिनोशे, सुहार्तो अशी सगळी पंगत लेखकाने झकास बसवली आणि शेवटी पत्रावळी एका झटक्यात उचलल्या : अमेरिकेने यांना पाठबळ दिले ती म्हणे 'शीतयुद्धाची अपरिहार्यता'! कळले ते बरे झाले. आम्ही उगाच इतकी वर्षे राग धरून बसलो.

डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेश युद्धाच्या वेळी, मी मुंबईत चौथीत होतो. वडिलांनी खिडकीच्या काचांना खळीने काळा कागद चिकटवला होता. भोंगा वाजला की दिवे मालवायचे आणि रेडिओ बारीक करायचा. (रेडिओ का, ते अजून कळलेले नाही. विमानाला ऐकू जाणार होते थोडेच!) त्या अंधारात अमेरिकेचे 'सातवे आरमार' हे शब्द पहिल्यांदा कानावर पडले. आमच्या भिंतीवर मासिकातून कापलेले केनेडींचे चित्र असे. दुसऱ्या दिवशी ते तिथे नव्हते. विचारले तर वडील म्हणाले, "रद्दीत." शाळेत नागरिकशास्त्र शिकवणारा, लिंकनवर तासभर बोलणारा माणूस. पुढे त्याने अमेरिकेचे नाव काढलेले मला आठवत नाही.

त्या आरमाराची विमानवाहू नौका 'एंटरप्राइज' बंगालच्या उपसागरात येत होती ती कुणाच्या पाठीशी उभी राहायला? निवडणूक जिंकलेल्या, पूर्व पाकिस्तानच्या शेख मुजीबना तुरुंगात टाकणाऱ्या पाकिस्तानी लष्करशहा याह्याखानच्या. हे अपरिहार्य होते, तर ढाक्यातले अमेरिकेचेच महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांना तसे का वाटले नाही? लोकशाही चिरडली जात असताना आपले सरकार गप्प आहे, अशी तार ६ एप्रिल १९७१ ला तिथल्या २० जणांच्या सह्यांनिशी वॉशिंग्टनला गेली. परिणाम? ब्लड यांची उचलबांगडी. आणि महिनाअखेरीस अध्यक्ष निक्सनसाहेबांचा स्वहस्ते शेरा : याह्यावर सध्या दबाव आणू नका. 'नका' अधोरेखित, तेही तीन रेघांनी. आमचे गणिताचे मास्तरसुद्धा एका रेघेत भागवत.

याह्याखान चीनचे दार किलकिले करून देत होते, एवढीच ती अपरिहार्यता. जुलैमध्ये निक्सन यांचे सल्लागार किसिंजर पोट बिघडल्याची बतावणी करून पाकिस्तानातून गुपचूप पेकिंगला जाऊन आले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत त्या वर्षी पसरलेला कॉलरा मात्र खरा होता.

पुढे पाकिस्तानात जनरल झिया आले. अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी देऊ केलेल्या ४० कोटी डॉलरना त्यांनी 'शेंगदाणे' म्हणून नाक मुरडले. आणि कार्टर पडले भुईमूगवाले! रेगन यांनी मुकाट ३२० कोटींचा करार केला. बरे, शीतयुद्ध संपल्यावर तरी? २०१३ मध्ये इजिप्तच्या लष्कराने निवडून आलेल्या मोर्सींना हटवले, तेव्हा त्याला 'लष्करी बंड' म्हणायचे वॉशिंग्टनने शिताफीने टाळले. तसे म्हटले की त्यांच्याच कायद्याने मदत थांबवावी लागते. लेखकाने याला कोणते युद्ध जोडले असते, ते वाचायला आवडेल.

लेखक अभ्यासू आहेत, भाषाही छान आहे. फक्त तो एक शब्द त्यांनी परत घ्यावा.

आपला,
एक जुना वाचक

ता. क. : लेखासोबतच्या तेहरानच्या छायाचित्रात ज्यांना आपण इराणचे शहा म्हटले आहे, ते जॉर्डनचे राजे हुसेन आहेत. ३१ डिसेंबर १९७७ च्या त्या मेजवानीला तेही हजर होते. शहा पलीकडचे, पेला उंचावलेले. आणि माझ्या मागच्या पत्राचा शेवटचा परिच्छेद जागेअभावी उडवलात, त्याच पानावर अर्धे पान गाद्यांची जाहिरात होती.