सोप्रानो म्हणजे केवळ ऑपेरा नव्हे

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

पाश्चात्त्य अभिजात गायनाविषयी मराठी वृत्तपत्रांत क्वचितच लिहिले जाते आणि जेव्हा लिहिले जाते तेव्हा ‘सोप्रानो’ (स्त्रीचा सर्वांत उंच पट्टीतील आवाज) म्हणजे ऑपेरागृह दणाणून सोडणारा, प्रत्येक स्वर कंपित करणारा आवाज, असेच वर्णन असते. इंग्लंडच्या एमा कर्कबी यांचे गायन अनेक वर्षे ऐकत आल्यामुळे मला हे वर्णन अपुरे वाटते.

१९४९ साली जन्मलेल्या कर्कबी ऑक्सफर्डमध्ये ग्रीक-लॅटिन शिकल्या आणि नंतर शाळेत शिकवू लागल्या. गायनावर उपजीविका करण्याचा त्यांचा मुळीच विचार नव्हता. हौसेने गाता गाता त्या १९७१ मध्ये टॅव्हर्नर क्वायर या गायकवृंदात दाखल झाल्या आणि १९७३ पासून ल्यूट हे छेडून वाजवायचे जुने तंतुवाद्य वाजवणारे अँथनी रूली यांच्या ‘कॉन्सॉर्ट ऑफ म्यूझिक’ या संचाबरोबर गाऊ लागल्या. तो काळ जुन्या संगीताचा त्या-त्या शतकातील वाद्यांवर आणि रीतींनुसार नव्याने शोध घेण्याचा होता. तातीच्या तारांची व्हायोलिने आजच्यापेक्षा साधारण अर्ध्या स्वराने खाली लावली जात आणि ल्यूटचा नाद तर इतका मृदू, की भरदार आवाजापुढे तो ऐकूही येऊ नये. अशा साथीत कर्कबी यांचा निर्मळ, जवळजवळ कंपाशिवाय लागणारा स्वर चपखल बसला. कंप त्यांनी पूर्णपणे वर्ज्य केला नाही, अलंकारासारखा जपून वापरला. त्यामुळे कवितेचा शब्द न् शब्द कळतो आणि इतर आवाजांशी होणारा स्वरमेळ स्वच्छ राहतो. तानपुऱ्याशी मिळालेला षड्ज ज्यांनी मनापासून ऐकला आहे, त्यांना यातील आनंद वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

हा आवाज फार बारीक आहे, अशी टीका झाली. तरीही संगीतसंचालक ख्रिस्तोफर हॉगवूड यांच्या, १९८० मध्ये प्रकाशित झालेल्या, हँडेलच्या ‘मसाया’ या धार्मिक संगीतरचनेच्या ध्वनिमुद्रणात तोच आवाज होता, आणि बाराव्या शतकातील संन्यासिनी हिल्डेगार्ड हिच्या रचना असंख्य श्रोत्यांनी प्रथम त्याच आवाजात ऐकल्या. २००७ मध्ये त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला. व्हर्डी किंवा वाग्नर यांच्या ऑपेरांतील भरदार भूमिकांमागे न जाता आपल्या गळ्याला साजेल तेच त्या गात राहिल्या, ही निवड मला किताबाहून मोठी वाटते.

आपल्या संगीतविषयक पुरवणीत या परंपरेलाही जागा मिळावी, अशी विनंती आहे. प्रारंभ इंग्लंडचे जुने संगीतकार जॉन डाउलंड यांच्या ल्यूटगीतांपासून करता येईल.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे