साहसकथेतला दगड खरा असू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी अंकांसाठी बालसाहित्य मागवण्याचे दिवस आहेत. मुलांसाठी साहसकथा लिहिणाऱ्या सीमाभागातल्या लेखकांना आमची कळकळीची विनंती आहे. कथा खुशाल खानापूरच्या जंगलात आणि गोकाकच्या धबधब्यावर घडवा, पण तिथला दगड आणि तिथली माणसे तपासून मग लिहा. आपल्या भागात खजिन्याचा नकाशा नसला तरी कथानक सापडते. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेला सौंदत्तीवरून जात कूडलसंगमला कृष्णेला मिळते. त्याच तालुक्यातली म्हादई मात्र गोव्यात उतरून अरबी समुद्र गाठते. एका पठारावरून दोन मुले दोन पाण्यांच्या मागे निघाली की गोष्ट सुरू झालीच. मात्र दोन नद्यांचे पाणी वेगळे करणारी पाणलोटाची रेघ म्हणजे टोकदार सुळका असे दाखवू नका. सपाट पठारावर ती पायाखालून गेली तरी कळत नाही.

नेहमी होणारी चूक म्हणजे ज्वालामुखी. आपला काळा पाषाण लाव्हाचा आहे हे लेखकाला माहीत असते. मग तो शंकूसारखा डोंगर, टोकाला भोक आणि त्यातून उडणारी आग रंगवतो. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मुख्यतः जमिनीच्या लांबच लांब भेगांतून आला आणि थरावर थर पसरला. म्हणून तर डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. बेळगाव या लाव्हाच्या दक्षिण काठावर आहे. गोकाकला घटप्रभा जिथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते, तिथला दगड लाव्हाचा नाही. तो कलादगी नावाच्या खडकमालेतला, दाबून कठीण झालेला वालुकाश्म आहे, वयाने लाव्हाच्या दहा पटींहून जुना. घाटमाथ्यावरून गोकाककडे जाणाऱ्या मुलांच्या पायाखाली दगड बदलतो, याहून चांगली कलाटणी कुठली?

या वालुकाश्मात पात्रांना काम देण्याजोगे पुष्कळ आहे. ओढ्याच्या तळाच्या वाळूवर उठतात तशा लाटांच्या वळ्या त्याच्या थरांवर दगड होऊन राहिलेल्या असतात. वळीची एक बाजू लांब-उतरती आणि दुसरी उभी असेल, तर पाणी उभ्या बाजूच्या दिशेने वाहत होते. दोन्ही बाजू सारख्या असतील तर पाणी मागेपुढे हलत होते आणि प्रवाहाची दिशा सांगता येत नाही. कथेतल्या मुलाने एकाच वळीवरून निकाल देऊ नये. दहा-बारा वळ्या मोजाव्यात, आणि थर कलला असेल तर आधी तो मनाने आडवा करावा. होकायंत्र मोबाइलजवळ धरले की चुकते आणि काळ्या पाषाणावर टेकवले तरी चुकू शकते, कारण त्या दगडात चुंबकीय खनिज असते. ही चूक मुलांच्या हातून मुद्दाम घडवा. वाट चुकायला खरे कारण मिळेल, भुताटकी लागणार नाही.

पांढरा चमकता खडा सापडला की तो हिराच, ही आणखी एक सवय. काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत गारगोटी, कॅल्साइट असले खडे मिळतात. खिळ्याने ओरखडा उठला तर गारगोटी नव्हे. गारगोटी उलट काचेवरच ओरखडा काढते. कॅल्साइटची पूड करून तिच्यावर लिंबू पिळले की बुडबुडे येतात. अख्ख्या खड्यावर पिळून वाट पाहिली तर फारसे काही दिसत नाही आणि मुले हिरमुसतात, म्हणून पूड करायला विसरू नका.

पाठ्यपुस्तकातला लॅटेराइट म्हणजेच आपल्या घराच्या भिंतीतला जांभा चिरा, हे कथेने एकदा तरी सांगायला हवे. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातली सिलिका धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरले, त्याचा हा दगड. ताजा काढला की मऊ, वाऱ्याला सुकला की कठीण. तो सच्छिद्र असतो. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट माथ्यावर, पडलेले पाणी त्यातून खाली झिरपते आणि तळच्या चिकण मातीवर अडून उताराच्या काठाशी झरा होऊन बाहेर येते. म्हणजे मे महिन्यात सड्याच्या माथ्यावर झुळझुळ झरा दाखवला की कथा तिथेच खोटी पडते. तहानलेल्या मुलांनी माथा सोडून काठाशी उतरायला हवे. ही वाट दाखवणारे पात्र म्हणून म्हशी राखणारी धनगर-गवळी मुलगी नैसर्गिक वाटेल. फक्त तिला पाणी ‘अंतर्ज्ञानाने’ कळू देऊ नका. म्हैस कुठे थांबते, गवत कुठे हिरवे राहते, कुठल्या काठाची माती ओली लागते, हे ती कारणासह सांगते असे लिहा. तिचा अनुभवही शास्त्राइतकाच तपासून मिळालेला असतो.

सिद्दी समाजाबद्दलच्या लेखनात तर फार काळजी हवी. रात्री ढोल, हातात भाला आणि ‘हुंबा हुंबा’ करणारा सरदार, हे चित्र अपमानास्पद आहे आणि चुकीचेही. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले होते, अनेक जण पोर्तुगीज गोव्यातून. गुलामीतून निसटलेले घाटाच्या जंगलात वसले. आज ते घरात कोंकणी, मराठी, कन्नड किंवा उर्दू बोलतात आणि त्यांच्यात हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. पात्राचे नाव आणि सण आधी ठरवा, मग संवाद लिहा. सालही बघा. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ साली मिळाला, तर बेळगाव आणि धारवाडमधल्यांना तो २०२०च्या कायद्याने मिळाला. २०१५ सालच्या कथेत खानापूरच्या सिद्दी मुलाला जमातीची शिष्यवृत्ती दाखवाल, तर ज्यासाठी ते झगडले तेच पुसून टाकाल.

त्यांच्या बायका शिवतात ती कवंदी, म्हणजे गोधडी, मात्र कथेत जरूर आणा. जुन्या कपड्यांचे तुकडे कडेपासून धावदोऱ्याने जोडत, फेऱ्या घेत शिवण मध्याकडे येते आणि कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची ‘फुलं’ बसतात. म्हणजे कडेचा तुकडा आधीचा, मधला शेवटचा. आजीचे हात कडेवरून आत सरकताना पाहून नातीला कळावे की नदीकाठच्या कड्यातही असाच क्रम असतो, फक्त तिथे खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. भूशास्त्राचा पहिला नियम मुलांना समजावणारे याहून चांगले चित्र आम्हाला माहीत नाही. कवंदीची शिवण थांबवून नियम पाठ करायला लावू नका, एवढेच.

एका प्रकरणात भूगोलाची एकच गोष्ट, तीही पाच-सहा वाक्यांत आणि कुणीतरी चुकल्यावर यावी. काकांनी दोन पाने व्याख्यान दिले की मूल पाने उलटते. हस्तलिखित छापण्याआधी एकदा भूगोलाच्या शिक्षकाला आणि एकदा ज्या समाजाचे पात्र आहे त्या समाजातल्या कुणाला तरी वाचून दाखवावे, आणि मानधनात त्यांचाही वाटा धरावा. खानापूर तालुक्यातल्या बारापेडे गुहेतल्या दुर्मीळ वटवाघळांना त्रास होईल असे धाडस मात्र कथेतही नको. मुले वाचतात तसे करायला जातात.

उचगाव आणि कडोलीच्या साहित्य संमेलनांत कवी-संमेलनाला अख्खी दुपार मिळते. तिथल्या आयोजकांनी यंदा बालसाहित्याला निदान दीड तास द्यावा, व्यासपीठावर गोकाकचा वालुकाश्म, जांभा चिरा आणि काळा पाषाण शेजारी शेजारी ठेवावेत, आणि सिद्दी व धनगर-गवळी वस्तीतल्या जाणत्यांना प्रेक्षकांत नव्हे, वक्ते म्हणून बोलवावे.

– काही भूगोल शिक्षक व वाचनालय कार्यकर्ते, बेळगाव-खानापूर