दिघीहून सुधीरला

प्रिय सुधीर,

तुझं पाकीट येऊन बरेच दिवस झाले. रागावला असशील. आईची साखर आटोक्यात, माझा गुडघाही ठीक. पण आज लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार?

ग्रेफच्या, म्हणजे सीमा सडक संघटनेच्या रस्ते बांधणाऱ्या दलाच्या, निवृत्त मंडळींनी इथल्या मोकळ्या प्लॉटवर स्मृती-उद्यान आणि छोटं संग्रहालय करायचं ठरवलंय. जुना रोडरोलर, तंबू, पगारपत्रकं, फोटो. जोशीकाकांनी काश्मीरच्या बीकन प्रकल्पातली बुखारी (ती शेगडी रे) देऊनसुद्धा टाकली. (कॅरममधली ती राणी मात्र अजून कबूल करत नाहीत.) सगळं सुरळीत होतं, गाडी अडली ती नावांच्या भिंतीपाशी. म्हणे ज्याला सर्व्हिस नंबर, त्याचंच नाव. रोजंदारीचे मजूर हंगामापुरते आले, गेले. त्यांची यादी कुठून आणणार?

मला ते सहनच झालं नाही रे. त्याच रात्री तुझ्या बाबांची ट्रंक उघडली. लडाखमधल्या खारदुंगला खिंडीच्या रस्त्यावरचा तो फोटो आठवतो? डांबराच्या पिंपाभोवती चौघे, गमबूट घातलेले, हातांना चिंध्या गुंडाळलेल्या, मागे बर्फाची उभी भिंत. पाठीमागे काकांच्या तिरक्या अक्षरात फक्त पहिली नावं आणि पुढे 'दुमका', आताच्या झारखंडमधला त्यांचा जिल्हा. चौथ्या नावावर निळ्या शाईची फुली. त्या सुट्टीत काका जेवताना कुणाशी बोलत नव्हते, ते आपण दोघांनी पाहिलंय.

सीमा सडक संघटना 1960 ची. अशा मजुराचं पार्थिव गावी पोचवायची सोय मंजूर व्हायला 2023 उजाडलं. अंत्यविधीचे 1,000 रुपये होते, ते तेव्हा 10,000 झाले. 10 लाखांचा विमा 2024 मध्ये. मधल्या इतक्या वर्षांत जे दरडीखाली गेले त्यांच्या घरी काय पोचलं? मला झोप लागत नाही.

तू डेव्हिसव्हिलला, अमेरिकी आरमाराच्या बांधकामवाल्यांच्या जुन्या तळावर, जाऊन आलास, तिथल्या क्वॉन्सेट हटचे (त्या अर्धगोल पत्र्याच्या बराकींचे) फोटो पाठवलेस, त्यावरून मी बैठकीत पॅसिफिकमधल्या अमेरिकेच्या वेक बेटाची गोष्ट काढली. डिसेंबर 1941 मध्ये तिथे हजारावर बांधकाम कामगार जपान्यांच्या हाती सापडले. अंगावर गणवेश नाही, म्हणजे शस्त्र उचललं तरी कायद्याने सैनिक नाहीत. म्हणून तर अमेरिकी आरमाराच्या मोरील साहेबांनी 1942 मध्ये बांधकामवाल्यांनाच आरमारात घेऊन सीबीज ही बांधकाम पथकं उभी केली. सुरुवातीच्या भरतीचं सरासरी वय 37! आणि वेकवर जपान्यांनी कामाला ठेवलेल्या 98 जणांना ऑक्टोबर 1943 मध्ये ठार मारलं. ते सगळे बिनगणवेशाचेच होते. मग आपल्या भिंतीवर गणवेशाची अट कशाला?

तुझं जुनं टुमणं आठवलं: खडकीवाले खरे फौजी, आपले बाप नुसते रस्तेवाले. त्यावरून आपण भर चौकात भांडलो होतो. अरे, खडकीच्याच बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या दलातल्या, राम राघोबा राणेंना परमवीर चक्र मिळालं ते एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग काढून, आडवी झाडं हटवून रणगाड्यांना वाट करून दिल्याबद्दल. रस्ता करणं हीसुद्धा लढाईच. तुला हे तेव्हाही पटलं नव्हतं, आता तरी पटवून घे!

नायरकाका माझ्या बाजूने आहेत. बाकीचे म्हणतात, आडनाव नाही, गाव अर्धवट, असं नाव दगडात कसं कोरणार? मी म्हणतो, जेवढं आहे तेवढं कोरा. चौघांची चार नावं, खाली दुमका.

फोटो तुझ्या बाबांचा, अक्षर त्यांचं, तेव्हा तुझा होकार हवाच. आणि त्यांची हजेरीची वही तुझ्याकडे गेली होती ना? तिच्यात आणखी नावं असणार. सगळी पानं स्कॅन करून पाठव, मागच्या कव्हरवरची खरडसुद्धा. बैठक पुढच्या रविवारी आहे.

सईला कॉलेज मिळालं हे वाचून फार बरं वाटलं. नव्या घराचं सविस्तर पुढच्या पत्रात विचारतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या