शरणपूरच्या आफ्रिकी मुलांसाठी : नाशिककरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

२०१६ च्या पुरात भिजलेले वाचनालयाचे ग्रंथ तुम्हीच गच्चीवर नेऊन वाळवलेत. जीर्ण दप्तरांच्या कामाला पहिली देणगी आली ती पोस्टातून निवृत्त झालेल्या आपल्या काकांची, पेन्शनच्या पहिल्या हप्त्यातून. पंचवटीतल्या सुतारमामांनी प्रदर्शनाच्या फळ्या रंधा मारून बसवून दिल्या आणि तीनदा विनवूनही मजुरी घेतली नाही. ही माणसे होती म्हणून मंडळ उभे आहे.

आता काम शरणपूरचे आहे. अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडून इंग्रजांनी सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईत उतरवली जात. त्यांतली कित्येक आपल्या शरणपूरच्या ख्रिस्ती मिशनमध्ये आली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. सुटका झाली, नावे इंग्रजी मिळाली, आईबाप मात्र कायमचे दुरावले. जेकब वेनराइट त्यांतलाच. १८७३ साली आफ्रिकेचे संशोधक-मिशनरी डॉ. लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारले, तेव्हा तिथल्या झाडावर त्यांचे नाव कोरले ते या नाशिकच्या विद्यार्थ्याने. सोबत्यांनी तो देह महिनोन् महिने चालून किनाऱ्यावर आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये दफन झाले, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब होता.

त्यांतलेच विल्यम जोन्स १८६४ साली इथून आजच्या केनियातल्या मोंबासाजवळ रबईला गेले. त्यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळायला १८८५ उजाडले! मुक्त गुलामांसाठी मोंबासाला वसवलेल्या फ्रिअरटाउनमध्येही हे ‘बॉम्बे आफ्रिकन’, म्हणजे इथून आफ्रिकेत परतलेले लोक, शिकलेले, हातात कसब असलेले. पण पगार आणि मान गोऱ्यांच्या बरोबरीने मिळेना, म्हणून खटके उडत राहिले. बेडी तुटली तरी पायरी ठरलेलीच होती. आपल्या मातीतल्या माणसांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

फ्रिअरटाउनची घंटा मोंबासात आजही जपलेली आहे. आपल्याकडे शरणपूर म्हणजे रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता. गेल्या वर्षी या विषयावर व्याख्यान ठेवले, दीडशे खुर्च्या मांडल्या; आले अकरा जण, त्यांत चार कार्यकारिणीचे. वक्ते काही बोलले नाहीत, पण आम्हाला लागले ते लागलेच.

यंदा कायमचे दालन करायचे ठरले आहे. खर्च १,४०,००० रुपये, जमले ४२,०००. उरलेले महिनाअखेरपर्यंत हवेत, कारण छपाईवाला आगाऊ रकमेशिवाय काम घेत नाही. देणगी वाचनालयात सायं. ६ ते ८ (सोमवार बंद), रोख, चेक किंवा टेबलावरचा क्यूआर, पावती घ्यावी. जुने फोटो, पत्रे, मिशनच्या काळातली हत्यारे कोणाकडे असल्यास पाहून, प्रत काढून परत देऊ. शनिवारी फळ्यांना पॉलिश करायचे आहे, दोन-चार हात हवेत.

आपला नम्र,
कार्यवाह