तीन प्रती आणि आजोबांची पोथी

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास की 'द नाइन्थ गेट' बघितला, सुरुवात भारी होती पण शेवट एकदम फुसका, आणि तेवढ्यात माझी बस आली, बोलायचं राहूनच गेलं. ते तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून आज लिहायलाच बसलो, लांबलं तर वाच सावकाश.

तू तो सैतानाचा पिक्चर म्हणून बघितलास, मला तो पुस्तकांचा पिक्चर वाटतो. जॉनी डेपचा कोर्सो हा दुर्मिळ पुस्तकं हुडकून विकणारा माणूस, बाल्कन नावाचा श्रीमंत गिऱ्हाईक त्याला 1666 साली व्हेनिसमध्ये छापलेलं आपल्याकडचं एक पुस्तक देतो, सैतानाला बोलावण्याचं, नऊ चित्रांचं. छापणाऱ्याला दुसऱ्याच वर्षी त्याच्या पुस्तकांसकट जाळलेलं, जगात तीनच प्रती उरल्यात, आणि बाल्कन म्हणतो त्यातली एकच खरी आहे, कुठली ते शोध. मग पोर्तुगालमध्ये सिंत्राला फार्गास नावाच्या माणसाकडे एक प्रत, पॅरिसला एका बॅरोनेसकडे दुसरी. आणि आठवतंय का, कोर्सो फार्गासच्या त्या उजाड बंगल्यात दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडून बसतो, एकात चित्रातल्या म्हाताऱ्याच्या किल्ल्या एका हातात, दुसऱ्यात दुसऱ्या हातात! चित्राखालची अक्षरंसुद्धा वेगळी, कुठे एटी, म्हणजे छापणाऱ्याची आद्याक्षरं, तर कुठे एलसीएफ, म्हणजे लुसिफर, सैतान. मी खुर्चीच्या टोकावर आलो होतो रे, आणि पडद्यावर घडतंय काय, तर एक माणूस दोन पानं ताडून बघतोय, बस.

आणि हे काही नुसतं पिक्चरमधलं नाही. त्या काळी शिशाचे खिळे जुळवून हाताने छापायचे, काम चालू असताना चूक दिसली की तिथेच थांबून खिळा बदलायचे, पण आधी छापलेले कागद फेकायचे नाहीत कारण कागद महाग, त्यामुळे एकाच आवृत्तीच्या दोन प्रती खरंच वेगळ्या निघतात. आपल्याकडे याला पाठभेद म्हणतात. पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली ना, 1919 ला काम सुरू, 1966 ला पूर्ण, 1259 हस्तलिखितं जमवून श्लोक न् श्लोक ताडला लोकांनी. मुख्य संपादक सुकथनकर तर काम चालू असतानाच गेले. कोर्सो जे तीन प्रतींवर करतो तेच त्यांनी 1259 वर केलं, म्हणून त्या पिक्चरचं कोडं मला एवढं आवडतं, एकच खरी प्रत असं काही नसतंच, नऊ खरी चित्रं तिन्ही पुस्तकांत तीन तीन अशी वाटलेली दिसतात.

आता शेवटाचं. बाल्कन एवढे खून पाडून, पुस्तकं जाळून नऊ चित्रं गोळा करतो आणि नववं बनावट निघतं, म्हणून तो स्वतःच पेट घेतो. खरं चित्र कुठे असतं, तर स्पेनमधल्या तोलेदोच्या त्या पुस्तकं बांधणाऱ्या सेनिझा भावांच्या दुकानात, जुन्या कपाटावरून खाली पडतं. तुला हे पटलं नाही. पण बघ, सेनिझाचा स्पॅनिशमध्ये अर्थ राख, आणि ते जुळे भाऊ आणि शेवटी दुकानातलं सामान हलवणारे दोघे कामगार हे सगळे एकाच नटाने केलेत! म्हणजे दुकान रिकामं झालं तरी ते भाऊ तिथेच आहेत. पुस्तकं बांधणाऱ्यांच्या हातात शेवटपर्यंत किल्ली होती, विकत घेणाऱ्याच्या नाही. मला हा शेवट फार आवडतो.

पण खरं सांगू, माझ्या जिव्हारी लागला तो सुरुवातीचा एक सीन. पॅरालिसिस झालेला म्हातारा खुर्चीत बसलाय, बोलता येत नाही, आणि त्याच्यासमोर मुलगा-सून कोर्सोला त्याची 1780 ची 'डॉन किहोते' चार खंड पडत्या भावात देऊन टाकतात. तो नुसता बघत असतो. मी तिथे पिक्चर पॉज केला.

आमच्या आजोबांचं तुला माहितीये. ते शेवटची दोन वर्षं अंथरुणावर, उजवी बाजू गेलेली, आणि वाड्याची डागडुजी निघाली तेव्हा माळ्यावरची त्यांची लाल कापडात बांधलेली पोथ्यांची गाठोडी घरच्यांनी रद्दीत घातली, किलोवर. मी तेव्हा आठवीत. रद्दीवाला तराजू लावत होता आणि आजोबा खाटेवरून दाराकडे बघत होते, डाव्या हाताने चादर घट्ट धरलेली. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळत होतं आणि मी काही बोललो नाही. एक गाठोडं सुटून पानं अंगणात पडली ती मी उचलून दप्तरात ठेवली, 11 पानं, अजून आहेत माझ्याकडे.

म्हणून एक काम सांगतो. तुमच्या गावच्या देवघरात जी पोथी आहे, लाकडी फळ्यांमधली, ती तुझ्या काकांनी मला एकदा दाखवली होती आणि अक्षराचं वळण मला ओळखीचं वाटलेलं. दिवाळीला येशील तेव्हा काकांना विचारून घेऊन ये. नीट धुतलेल्या सुती कापडात गुंडाळ, प्लॅस्टिकमध्ये नको, दमट होते. माझी 11 पानं काढून ठेवतो, दोन्ही शेजारी मांडून बसू रात्री.

तुझाच