विद्यार्थी विकासाचा ‘चार्ज’ कुणालाही कसा देता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून-जुलै आला की आपल्या ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी पट्ट्यातल्या बऱ्याच कॉलेजांत स्टाफ मीटिंगमध्ये कमिट्यांची यादी वाचली जाते आणि विद्यार्थी विकास, शिष्यवृत्ती, अँटी-रॅगिंग, तक्रार निवारण ही सगळी कामं ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात पडतात, म्हणजे नवीन लागलेला, कधी कधी तर तासिका तत्त्वावरचा माणूस. मी ऐरोलीजवळच्या एका कॉलेजात शिकवते आणि हे काम बरीच वर्षं करतेय, मनापासून करतेय, म्हणून हक्काने लिहितेय की हे काम वेगळं शिकावं लागतं, कुणालाही ‘चार्ज’ दिला आणि झालं असं होत नाही.

शिष्यवृत्तीचंच घ्या, तिचे अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरावे लागतात. आसनगावहून पहाटेची लोकल पकडून, ठाण्याला गाडी बदलून येणारी मुलगी खिडकीवर उभी राहते, ‘मॅडम, महाडीबीटीवर अप्रूव्ह्ड दाखवतंय, पैसे नाही आले.’ ऑफिस म्हणतं बँकेत विचार, बँक म्हणते कॉलेजात विचार, आणि ती बिचारी दोन्हीकडे खेपा घालते. खरी गोष्ट अशी असते की हे पैसे तिने पासबुक दाखवलेल्या खात्यात जातच नाहीत, आधारला जे खातं शेवटचं जोडलंय त्यात जातात, आणि ते असतं शाळेत असताना गावाकडे काढलेलं, वर्षानुवर्षं बंद पडलेलं. हे ज्याला माहितीये तो फॉर्म भरायच्या आधीच आधार सीडिंग, म्हणजे आधारला नेमकं कुठलं खातं जोडलंय ते, तपासायला लावतो. दुसरी गाठ नावाची, आधारवर वडील बळीराम आणि मार्कशीटवर बाळाराम, अर्ज परत येतो आणि तोवर मुदत संपत आलेली असते. मुलींच्या फीचंही तेच, ८ जुलै २०२४ च्या जीआरने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या पात्र मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण आणि परीक्षा फी माफ झाली, तरी ‘आधी भरा मग बघू’ ऐकून परत गेलेल्या मुली मला भेटल्यात. काउंटरवरच्या माणसाने तो जीआर वाचलेलाच नव्हता!

कायद्याचं तर विचारूच नका. रॅगिंग झालं तर यूजीसीच्या २००९ च्या नियमांप्रमाणे २४ तासांत एफआयआरची कारवाई करायची असते, २०२३ च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि पुढे विद्यापीठाच्या लोकपालाकडे दाद मागता येते. पण तक्रार घेऊन आलेल्या पोराला ‘जाऊदे रे, करिअर आहे तुझं, मिटवून टाक’ असं सांगणारी माणसं प्रेमानेच सांगतात आणि त्याचं नुकसान करतात. लैंगिक छळाच्या तक्रारीत मुलीचं नाव स्टाफरूममध्ये चहासोबत फिरतं ते तर त्याहून वाईट, तिथे गुप्तता पाळणं कायद्याने बंधनकारक आहे.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मनाच्या आजाराची. पोरगं एकदम लेक्चरला यायचं बंद होतं, प्रॅक्टिकलला पार्टनर नको म्हणतं, व्हॉट्सअॅप ग्रुप सोडतं, आपण त्याला डिफॉल्टर लिस्टमध्ये टाकतो आणि ७५ टक्के हजेरीची नोटीस घरी पाठवतो. त्या जागी त्याला एकटं बाजूला बोलावून शांतपणे विचारणं, आत्महत्येचा विचार येतो का हे सरळ शब्दात विचारणं (असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, ही भीती खोटी आहे), त्याला एकटं न सोडणं आणि समुपदेशकाच्या हातात सोपवणं, हे शिकवल्याशिवाय येत नाही. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने मार्गदर्शक तत्त्वं दिली, १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा आणि शिकवणाऱ्या-न शिकवणाऱ्या सगळ्या स्टाफचं वर्षातून दोनदा ट्रेनिंग हवं. म्हणजे शिपाईमामा आणि लायब्ररीतल्या ताईंचंसुद्धा, आणि ते अगदी बरोबर आहे, कारण पोरं आधी त्यांच्याशीच बोलतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर नोटीस बोर्डावर लावला म्हणजे काम झालं असं समजू नये.

अमेरिकेत या कामासाठी मास्टर्स डिग्री असते. तिथल्या दोन मोठ्या संघटनांनी २०१५ मध्ये या पेशासाठी दहा क्षमता ठरवून दिल्यात, त्यात कायदा-धोरण आहे, सल्ला आणि आधार देणं आहे, सामाजिक न्याय आहे, टेक्नॉलॉजी आहे, झालेल्या कामाचं मूल्यमापनसुद्धा आहे. ते जसंच्या तसं उचला असं मी म्हणत नाही, आपल्याकडे जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर, घरात पहिल्यांदाच कॉलेजला आलेली पोरं हे सगळं आपलं आपल्यालाच बसवावं लागेल.

म्हणून विनंती अशी की बाळकुमला मुंबई विद्यापीठाचं ठाणे उपकेंद्र आहे, तिथे या कामाचा सहा महिन्यांचा शनिवार-रविवारचा कोर्स सुरू व्हावा. शिष्यवृत्तीची प्रत्यक्ष केस, तक्रारीची कागदपत्रं, समुपदेशकासोबत सराव, सगळं त्यात असावं, आणि ऑफिसच्या क्लार्कना त्यात बरोबरीने घ्यावं. कॉलेजांनी तो केलेल्या माणसालाच हे काम द्यावं, त्याचे आठवड्याचे काही तास कमी करावेत आणि दर जूनला माणूस बदलू नये. नवी मुंबई, ठाण्यातल्या प्राचार्यांनी निदान येत्या वर्षाच्या कमिट्या करताना एवढा विचार करावा.

आपली,
एक प्राध्यापिका, ऐरोली
(कृपया नाव छापू नये)